ताट लहान, जेवण वेगळं

मराठीत आपण रेस्टॉरंटमध्ये जात नाही, हॉटेलात जातो. मुक्काम करायचा नसला तरी हॉटेलच. आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या लहानपणी हॉटेलात जायला काहीतरी निमित्त लागायचं. निकाल लागला, मुंबईचे पाहुणे आले, लग्नाची खरेदी लांबली, असं काहीतरी. आत गेलं की गल्ल्यावरचा माणूस बायकामुलं बघून फॅमिली रूमकडे बोट दाखवायचा. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा आडोसा घातलेली चार टेबलं. लहान मुलांसाठी वेगळं असं तिथे काही नसायचं. खुर्ची मोठ्यांचीच, त्यामुळे हनुवटी टेबलाच्या कडेला लागायची. मेनू सगळ्यांना एकच, आणि तोही बऱ्याचदा वेटरच्या तोंडात. बाबा मोजून डोसे मागवायचे आणि वर "एक रिकामी ताटली द्या" म्हणायचे. त्या ताटलीत आईच्या डोशाचा तुकडा, बाबांच्या वड्याचा तुकडा असं करत करत आम्हा भावंडांचं पोट भरायचं.

मुलांचं जेवण मोठ्यांपेक्षा वेगळं असतं, ही कल्पना मला भेटली ती अमेरिकेत, थोरली झाल्यावर. न्यू जर्सीतल्या कुठल्याही साध्या हॉटेलात शिरलं की दारातली मुलगी हसून पहिला प्रश्न विचारायची, किती जण, आणि दुसरा, हाय चेअर हवी का? बाळ अगदीच तान्हं असेल तर तीच लाकडी हाय चेअर उलटी करून त्यावर बाळाची कार सीट अलगद ठेवून द्यायची. (हा शोध ज्या वेटरला पहिल्यांदा लागला त्याला माझा नमस्कार.) मूल जरा मोठं झालं की हातात एक कागद आणि तीन-चार मेणाचे खडू. कागदाच्या एका बाजूला भूलभुलैया, दुसऱ्या बाजूला 'किड्स मेनू'. या मेनूची गंमत अशी, की हॉटेल इटालियन असो, मेक्सिकन असो नाहीतर थाई, त्यातले पदार्थ थोडेफार तेच. ग्रिल्ड चीज सँडविच, चिकन फिंगर्स, मॅकरोनी अँड चीज, पिझ्झा, आणि सगळ्यांबरोबर फ्रेंच फ्राईज.

सुरुवातीला हे सगळं मला फार प्रेमळ वाटलं. इतक्या परक्या देशात माझ्या मुलीची खुर्ची तयार आहे, म्हणजे काय! पण शंभरेक कागद रंगवून झाल्यावर मनात यायला लागलं, की हे कोणी ठरवलं? सहा वर्षांच्या मुलाला चिकन फिंगर्सच आवडतात हे जगाला कधी कळलं? मग सवयीप्रमाणे वाचायला लागले, आणि हाती लागलेला इतिहास आपल्या घरांपर्यंत येऊन पोचला. तो इथे मांडते आहे.

रेस्टॉरंट हा प्रकार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, पॅरिसमधला. मूळ शब्दाचा अर्थ शक्ती भरून काढणारं, म्हणजे अशक्त माणसांना द्यायचं कढण. पुढे त्याची झाली स्वतंत्र टेबल, छापील मेनू आणि प्रत्येक पदार्थाची किंमत असलेली जागा. पण ती जागा होती मोठ्या माणसांची, त्यातही पुरुषांची. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकात बरोबर पुरुष नसलेल्या बाईला कित्येक हॉटेलांत जेवायला वाढत नसत. मोठ्या हॉटेलांत बायकांसाठी वेगळी जेवणाची खोली असे. १८६८ साली चार्ल्स डिकन्सच्या सन्मानाच्या भोजनाला पत्रकार असूनही जेन कनिंगहॅम क्रोली यांना बाई म्हणून प्रवेश मिळाला नाही. त्यांनी 'सोरोसिस' नावाचा बायकांचा क्लब काढला आणि न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिकोज या बड्या रेस्टॉरंटमध्ये बरोबर एकही पुरुष न घेता जेवण घेतलं. तेव्हा ही बातमी होती! आईलाच जिथे दार उघडायला इतका त्रास, तिथे तिच्या कडेवरच्या मुलाची काय कथा. बहुतेक मोठ्या हॉटेलांत मुलांचं जेवण दाईबरोबर, वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी.

अर्थात अमेरिकन मुलं तेव्हाही इंग्रजांच्या डोळ्यांत खुपायची. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार १८६१-६२ मध्ये अमेरिका फिरला आणि 'नॉर्थ अमेरिका' नावाचं जाडजूड प्रवासवर्णन लिहिलं. त्यात अमेरिकन हॉटेलांतल्या लहान मुलांवर त्याने भरपूर तोंडसुख घेतलं आहे. चार-पाच वर्षांची पोरं मोठ्या माणसासारखी बीफस्टेक आणि लोणचं मागवतात, त्यांना कोणी रागावत नाही, वगैरे. वाचताना मला हसू आलं, कारण १९९० च्या दशकात आपल्याकडून अमेरिका बघायला आलेले काका-मामा परत जाऊन नेमकं हेच सांगायचे. "अहो, तिथे पोरगं ठरवतं काय खायचं ते!"

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा होता. घराबाहेर, कोणाच्याही हातचं खायचं की नाही हाच. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. तिथे हजर असलेल्या गोपाळराव जोशांनी 'पुणे वैभव' पत्रात यादीच छापून आणली आणि शहरात गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्त घ्यायची वेळ आली. एका कप चहासाठी! आणि हे गोपाळराव म्हणजे आनंदीबाई जोशींचे पती, ज्यांची बायको १८८३ ते १८८६ अमेरिकेत राहून शाकाहार सांभाळत डॉक्टर झाली होती. आनंदीबाईंच्या पदवीदानाला मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पंडिता रमाबाई आल्या, त्या इंग्लंडहून, आणि बरोबर होती त्यांची मुलगी मनोरमा. तिला पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. रमाबाईंनी १८८३ मध्ये धर्म बदलला, पण मांसाहार आयुष्यात कधी केला नाही. लहान मूल घेऊन परदेशी गेलेली मराठी आई म्हटलं की मला त्या आठवतात. हाताशी सासू नाही, आई नाही, ओळखीची भाजी नाही, आणि मूल तर रोज वेळच्या वेळी जेवायला मागणार. आपल्या सगळ्यांची ती पूर्वजच म्हणायची.

आता परत अमेरिकेकडे. हॉटेलवाल्यांना मुलांची आठवण कशामुळे झाली असेल? दारूबंदीमुळे. जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली आणि ती डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. मोठ्या हॉटेलांचा नफा दारूवर असे. तो एका दिवसात गेला. मग रिकाम्या टेबलांकडे बघून मालकांच्या लक्षात आलं, की दारू नसेल तर ही जागा सभ्य, आणि सभ्य असेल तर बायका येतील, आणि बायका आल्या तर मुलं येतील. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलने खास मुलांसाठी मेनू छापला. अशा पहिल्या काही मेनूंपैकी तो एक. (हे जुनं वॉल्डॉर्फ जिथे होतं तिथे आज एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे.) त्यावर बालगीतातल्या मुलाचं चित्र होतं आणि आत पदार्थ होते ते असे: भाजलेली लँब चॉप, उकडलेल्या भातावर चिकनचे बारीक तुकडे, लोण्यातल्या हिरव्या भाज्या, आणि गोडाला सुक्या आलुबुखारांचा फेसाळ शिरा म्हणावा तसा प्रकार. वाचल्याबरोबर आपल्याला वाटतं, हे तर पथ्याचं जेवण! आणि ते तसंच होतं.

कारण या मेनूमागे एक डॉक्टर होते. ल्यूथर एमेट होल्ट हे न्यूयॉर्कमधले नावाजलेले बालरोगतज्ज्ञ. त्यांचं 'द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन' हे प्रश्नोत्तरांचं छोटंसं पुस्तक १८९४ मध्ये निघालं आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकन आयांनी ते पोथीसारखं वापरलं. त्यांचं म्हणणं, लहान मुलाचं पोट नाजूक, त्याला सौम्य, बेचव, नीट शिजवलेलं द्यावं. पाय, पेस्ट्री, सुकामेवा, चहा हे वर्ज्य. ताजा गरम ब्रेडसुद्धा नको! (आपल्या आज्यांना हे कळलं असतं तर? तव्यावरची पोळी आणि वर तूप यावर त्यांनी पिढ्या वाढवल्या.) होल्ट यांचा हेतू चांगलाच होता. त्या काळात बालमृत्यू फार, दूध भेसळीचं, शहरं घाणेरडी. खाण्यात जरा इकडेतिकडे झालं तर मूल हाती लागत नसे. त्यामुळे मोठ्यांच्या ताटातलं मुलाला देऊ नका, हा उपदेश भीतीतून आलेला होता. हॉटेलांनी तो उचलला तो आयांना निर्धास्त करायला. तुमच्या मुलाला डॉक्टरी जेवण आम्ही देऊ, तुम्ही निवांत बसा.

थोडक्यात, व्यापाऱ्याची गरज आणि डॉक्टरची भीती यांच्या लग्नातून किड्स मेनू जन्माला आला. लाड, कौतुक हे त्यात नंतर मिसळलं गेलं.

इंग्लंडने दारू आणि मुलं या प्रश्नाचं उत्तर उलटं काढलं होतं. तिथे १९०८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना पबच्या बारमधून बाहेर ठेवलं. दारू आत, मुलं बाहेर. आईबाप आत आणि मुलं बाहेर पायरीवर लेमोनेड घेऊन बसलेली, असं चित्र तिथल्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आहे. हे नियम खऱ्या अर्थाने सैल झाले ते २००३ च्या परवाना कायद्यानंतर.

जपानची गोष्ट मात्र वेगळ्या चवीची आहे. डिसेंबर १९३० मध्ये टोकियोच्या मित्सुकोशी डिपार्टमेंट स्टोअरच्या भोजनगृहात मुलांसाठी एक खास ताट सुरू झालं. पुढे त्याला 'ओकोसामा लंच' हे नाव रूढ झालं. भाताची फुजी पर्वतासारखी मूद, तिच्यावर खोचलेला छोटासा झेंडा, आजूबाजूला क्रोकेट वगैरे विलायती पदार्थ थोडे थोडे. तेव्हा जपानात मंदीचे दिवस होते आणि मुलांना निदान जेवताना तरी मजा वाटावी, असा तिथल्या माणसाचा विचार होता. मूद तर आपलीही असते. झेंडा तेवढा आपल्याला सुचला नाही!

अमेरिकेत दारूबंदी उठली, पण मुलांचा मेनू राहिला. तोवर मोटारी आल्या होत्या आणि कुटुंबं रस्त्यावर निघाली होती. हॉवर्ड जॉन्सन या गृहस्थांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात एका औषधाच्या दुकानातल्या सोडा फाउंटनपासून सुरुवात केली आणि पुढे हमरस्त्यांच्या कडेला नारिंगी छपरांची हॉटेलं उभी केली. अठ्ठावीस प्रकारचं आइस्क्रीम, स्वच्छ बाथरूम, सगळीकडे सारखी चव, आणि मुलांचा मेनू. मुलं मागच्या सीटवरून नारिंगी छप्पर दिसलं की ओरडायची. या साखळीतलं शेवटचं रेस्टॉरंट २०२२ मध्ये बंद झालं.

मग आलं मॅकडोनाल्ड्स. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये आपली पहिली शाखा उघडली. त्या काळात बर्गरची दुकानं म्हणजे टवाळ पोरांचे अड्डे. क्रॉक यांनी गाण्यांचं यंत्र, सिगरेटचं यंत्र, टेलिफोन यातलं काहीही दुकानात ठेवायला मनाई केली. त्यांना हवं होतं कुटुंब. त्यांचा हिशेब साधा होता. मूल जिथे चला म्हणेल तिथे आईबाप जातात, म्हणजे एका गिऱ्हाइकाबरोबर आणखी दोन-तीन. १९६३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये विदूषक आला, १९७९ मध्ये देशभर 'हॅपी मील'चा डबा आला, १९८३ मध्ये चिकन नगेट्स. १९२१ चा भातावरचा चिकनचा तुकडा साठ वर्षांत तळून, खेळण्यासकट खोक्यात येऊन बसला. डॉक्टर मागे पडले, तत्त्व मात्र राहिलं. मुलाला सौम्य द्या, ओळखीचं द्या, मोठ्यांपेक्षा वेगळं द्या.

१९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपली मंडळी मोठ्या संख्येने जायला लागली. १९९० नंतर संगणकवाल्यांची लाट आली. आमचं कुटुंब त्यातलं. या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. आजी-आजोबा घरात नव्हते. ते यायचे ते सहा महिन्यांच्या व्हिसावर, आणि आंब्याच्या दिवसांत परत. बाकीचे सहा महिने आई, बाबा आणि मूल. शनिवारी वाणसामान आणताना संध्याकाळ झाली, की हॉटेल ही चैन नसून सोय असायची.

आम्ही पाचलाच जायचो. त्या वेळी अमेरिकन म्हातारी जोडपी आणि देशी आईबाप एवढीच गिऱ्हाइकं. कोपऱ्यातलं गादीच्या बाकांचं टेबल बघायचं, म्हणजे मूल भिंतीकडे अडकवता येतं. बॅगेत ओल्या पुसण्यांचं पाकीट, एक जादा झबलं, आणि पदार्थ यायला वेळ लागला तर मुरमुरे. उठताना हाय चेअरखाली झालेला सडा नॅपकिनने गोळा करायचा आणि टिप जरा जास्त ठेवायची. त्या वेटर मुली बऱ्याचदा कॉलेजमधल्या, नाहीतर स्वतः लहान मुलांच्या आया. त्यांनी माझ्या मुलांना कधी वाकडं पाहिलं नाही, हे नमूद करायला हवं.

शाकाहारी घरांचा प्रश्न मात्र निराळा. किड्स मेनूतून चिकन वजा केलं की उरतं काय? चीज, मैदा आणि बटाटा. त्यामुळे फ्रेंच फ्राईज हे परदेशातल्या शाकाहारी भारतीय मुलांचं जवळजवळ राष्ट्रीय अन्न झालं होतं. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये गाईची चरबी सोडून वनस्पती तेल वापरायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे सगळे निश्चिंत होते. मे २००१ मध्ये सिएटलमधल्या एका भारतीय वंशाच्या वकिलांनी दावा लावला तेव्हा उघड झालं, की फ्राईजच्या 'नैसर्गिक स्वादा'त गोमांसाचा अर्क असतो. तेव्हाचं वातावरण मला लख्ख आठवतं. मंदिरात, मंडळात, फोनवर तोच विषय. स्वतः खाल्लं यापेक्षा आपण आपल्या हाताने मुलांना भरवलं, याचं लोकांना जास्त लागलं होतं. त्याचे पडसाद इकडे ठाण्यात उमटले, तिथल्या शाखेची मोडतोड झाली. खरं तर १९९६ पासून भारतात असलेल्या शाखांत गोमांस कधी नव्हतंच. २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि एक कोटी डॉलर हिंदू, शीख, शाकाहारी आणि इतर संस्थांना द्यायचं कबूल केलं.

त्या प्रकरणाकडे धर्माचा आणि फसवणुकीचा प्रश्न म्हणून खूप पाहिलं गेलं, आणि तो होताच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलाचं खोकं वेगळं झालं की आईबापांची जीभ त्या अन्नावरून उठते. आपल्याकडे भरवायच्या आधी आई घास चाखून बघते. गरम आहे का, तिखट आहे का, आंबलंय का. वरणभात कालवताना तिच्या बोटांना सगळं कळतं. एकाच ताटातलं खाण्यात ही राखण आपोआप होत असे.

आपल्या जुन्या पद्धतीत मुलांसाठी वेगळं काही नव्हतं असं मुळीच नाही. उष्टावण असतं, मऊ भात असतो, मेतकूट असतं. पंगतीत मुलांना आधी बसवायचे, पाट लहान, ताट लहान. पण वाढलं जायचं तेच. तिखटाची भाजी चिमूटभर, पण वाढायची. लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, सगळं डावी-उजवीकडे आपापल्या जागी. खाल्लं नाही तरी ते ताटात दिसायचं. आणि वर्षानुवर्षं दिसत राहिलेल्या गोष्टीला एक दिवस मूल हात घालतंच.

हा फरक मला सर्वात जास्त कुठे जाणवला असेल, तर महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळीत. शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह, मोठ्यांच्या रांगेत पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात. आणि बाजूला मुलांची वेगळी रांग, तिथे पिझ्झाचे खोके! कार्यकर्ते बिचारे काय करणार. पुऱ्या फुकट जातात, पिझ्झा संपतो. पण वॉल्डॉर्फ हॉटेलातली १९२१ ची कल्पना ऐंशी वर्षांनी आमच्या लक्ष्मीपूजनाच्या पंगतीत येऊन बसली होती, आणि तिला कोणी बोलावलं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

पण एवढ्यावर थांबले तर अन्याय होईल. कारण त्या कागदाने मुलांना दिलं काय, तेही मी समोर बसून पाहिलं आहे. वेटर आमच्या थोरलीसमोर किंचित वाकून तिलाच विचारायची, तुला काय हवं? आमच्या लहानपणी हा प्रश्न आम्हाला हॉटेलात तर सोडाच, घरीही कोणी विचारला नव्हता. चार वर्षांची पोर क्षणभर विचार करून, परक्या माणसाच्या डोळ्यांत बघून, स्पष्ट उत्तर द्यायची आणि शेवटी थँक यू म्हणायची. सहा-सात वर्षांची झाली तेव्हा ती धाकट्याचंही सांगायला लागली.

पुढे सासूबाई आल्या तेव्हा तर कमालच. त्यांना वेटरचं इंग्रजी कळेना, वेटरला त्यांचं. मग थोरली मध्ये बसून विचारायची, "आजी, तुला भात चालेल का? त्यात मासे नाहीत, मी विचारलं." सासूबाईंना त्या नातीचं इतकं कौतुक! त्यांनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली, हॉटेलच्या पांढऱ्या भातावर टाकली, लोण्याची चौकोनी वडी त्यात कालवली आणि एक घास स्वतः खाऊन दुसरा नातीच्या तोंडात दिला. पोरीने खाल्ला आणि चिकन फिंगर्सची ताटली बाजूला सारली. शेजारच्या टेबलावरची बाई बघत होती. सासूबाईंनी तिलाही विचारलं, मराठीतच, हवंय का म्हणून.

मला वाटतं परदेशात मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक घराला या दोन गोष्टींची मोट बांधावी लागते. स्वतःचं मागता येणं, आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाता येणं. किड्स मेनू पहिलं शिकवतो. दुसरं शिकवायला घरचं माणूस बसावं लागतं, आणि त्याच्याकडे वेळ असावा लागतो. आमच्यासारख्या घरांना त्यातल्या त्यात आधार होता तो दुपारच्या भारतीय बुफेचा. पाच वर्षांखालची मुलं फुकट, ताट एकच, आणि पाहिजे तितक्या वेळा उठायची मुभा. त्या बुफेंची चव यथातथाच असायची, पण तिथे मुलाला आपल्या ताटातलं देणं हाच नियम होता.

आता ही मुलांची जागासुद्धा कायमची आहे असं नाही. २०११ मध्ये पिट्सबर्गजवळच्या एका रेस्टॉरंटने सहा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, तेव्हा मोठी चर्चा झाली आणि पाठिंबाही भरपूर मिळाला. दक्षिण कोरियात 'नो किड्स झोन' पाट्यांचं पेव फुटलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगाने हा भेदभाव असल्याचं म्हटलं. तरी पाट्या राहिल्याच. त्याच वेळी मुलांच्या ताटात काय असावं यावर कायदे झाले. सॅन फ्रान्सिस्कोने २०१० मध्ये आरोग्याच्या अटी न पाळणाऱ्या जेवणाबरोबर फुकट खेळणं द्यायला मनाई करणारा नियम केला. कॅलिफोर्नियात २०१९ पासून मुलांच्या जेवणाबरोबर न विचारता सोडा देत नाहीत, पाणी किंवा दूध देतात. म्हणजे शंभर वर्षांनी डॉक्टर परत आले!

इकडे पुण्या-मुंबईतही आता हाय चेअर सहज मिळते, मेनूच्या शेवटच्या पानावर मुलांचे पदार्थ असतात, आणि त्यात फ्राईज, पास्ता, नगेट्स. प्लायवूडच्या आडोशापेक्षा हे शंभर पटीने बरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नोकरी करणारी आई दोन वर्षांचं मूल घेऊन उजळ माथ्याने मधल्या टेबलावर बसते, हे बघून मला बरं वाटतं. त्यामागे डेल्मॉनिकोजमधल्या त्या बायका आहेत, दारूबंदीत हवालदिल झालेले हॉटेलमालक आहेत, आणि माझ्या मते कुठेतरी मनोरमेचा हात धरून चाललेल्या रमाबाईही आहेत.

आमची दोन्ही मुलं आता मोठी झाली. थोरली सगळं खाते, कारल्यासकट. धाकट्याचं अजून चीज-मैदा-बटाट्यावर प्रेम आहे. दोघंही एकाच घरात, एकाच मेनूवर वाढली, त्यामुळे यातून मोठा सिद्धांत काढायला मी जाणार नाही. तरुण भाचे-पुतण्यांना मात्र एवढंच सांगते. हाय चेअर जरूर घ्या, खडू घ्या, मुलाला स्वतःचं स्वतः मागू द्या. फक्त एक रिकामी ताटलीही मागून घ्या. कुठल्याही देशात, कुठल्याही हॉटेलात ती देतात, आणि अजून तिचे पैसे लावत नाहीत.